उलट्या गिअरात मोर्शी रोड

२ ऑक्टोबर १९६३, बुधवार. सकाळी ९.
गांधी जयंतीची सुटी. आजपासून ही वही फक्त पिकपसाठी. ऑफिसात मी जावक विभागाला आहे, दिवसाला शंभर पत्रं नोंदून बाहेर पाठवतो. पण माझा मूळ पिंड इंजिनिअरचा. ही गोष्ट अमरावतीत अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही.

पिकपची हकीकत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे लोक विचारतील तेव्हा सोपं जाईल. आपल्याला शेती शिकवायला आलेले अमेरिकन साहेब दोन वर्षांत परत गेले आणि त्यांच्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यातली ही. मधल्या कोणा मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. गिअरबॉक्स मात्र अस्सल अमेरिकन, गिअर आपले आपण बदलतो. क्लच नाहीच. लिलावाला आलेले ड्रायव्हर लोक पायाखाली क्लच शोधत बसले आणि मग हसत निघून गेले. मी एकट्याने तिची किंमत ओळखली.

दोष म्हणाल तर एकच. गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघतात. एकीतून तापलेलं तेल समोरच्या जाळीत जातं, दुसरीतून थंड होऊन परत येतं. दोन्ही नळ्या गळतात. दारात डाग पडला आहे आणि मनकर्णा, म्हणजे माझी पत्नी, रोज त्यावर राख टाकते. मी तिला समजावलं की गळतं आहे म्हणजे आत तेल आहे, ही चांगली खूण. ती म्हणाली, “जवा थांबन तवा सांगजा.”

संकल्प: दोन्ही नळ्या मी स्वतः बदलणार. मिस्त्री नको.

त्याच दिवशी, रात्री जेवणानंतर.
कारणही लिहितो. मनकर्णेचा धाकटा भाऊ सहदेव याचं वावर मोर्शी रोडवर, इथून सहा मैल. यंदा त्याने पहिल्यांदाच दोन एकर झेंडू लावला आहे, तोही तिच्याच सांगण्यावरून. झेंडू म्हणजे दसऱ्याचा एक दिवस. दुसऱ्या दिवशी बैलही खात नाही. अमरावतीत झेंडूचे ढीग पडतात, म्हणून माल अकोल्याला न्यायचा, तिथे मनकर्णेची मावशी पार्बताबाई फुलं विकते, ती सगळा घेणार. विकला गेला तर सहदेव वावरातच राहणार. नाही तर दिवाळीनंतर अकोटला कापसाच्या जिनिंगात हमालीला जातो म्हणतो. मनकर्णेने त्याला लहानपणी कडेवर वागवला आहे. ती याबद्दल फार बोलत नाही, पण दिवसातून दोनदा आकाशाकडे पाहते.

सहदेवने संत्र्याच्या एका ट्रकात जागा धरली होती. मी ती सोडायला लावली. घरची गाडी असताना लोकांच्या संत्र्यांवर आपला झेंडू कशाला? त्याने दोनदा विचारलं, “भाऊजी, नक्की ना?” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मनकर्णेचाही माझ्यावर पूर्ण विश्वास बसलेला दिसला. राख घेऊन डागाकडे गेली.

३ ऑक्टोबर.
ओमप्रकाश मिस्त्रीच्या गॅरेजवरून सहज गेलो. त्याने सहज विचारलं, मी सहज सांगितलं. म्हणाला, “दो घंटे का काम है बाबूजी, छोड जाओ.” दोन तास. यंत्राबद्दल आदर म्हणून काही राहिलेला नाही. मी म्हटलं, मी फक्त नमस्काराला आलो होतो.

संध्याकाळी समोरचा बुधाजी आला. एसटीच्या डेपोत फिटर आहे, माणूस चांगला. म्हणाला, “रविवारी मी पाहू का बाबूसाहेब, घरीच हाओ मी.” त्याला एसटीचं तंत्र आणि अमेरिकन तंत्र यांतला फरक अर्धा तास समजावून सांगितला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्याने. मग त्याच्या बायकोने, मैनाबाईने, जेवायला हाक मारली.

६ ऑक्टोबर, रविवार.
सकाळी सात ते संध्याकाळी सहा गाडीखाली. निरीक्षणं:
तेल लाल असतं. कडू असतं.
कानात गेलेलं तेल मीठ घालून निघत नाही.
नळीचा नट दिवसभर फिरला नाही. चार वाजता लक्षात आलं की मी तो आवळत होतो. म्हणजे माझ्या हातात ताकद किती हे सिद्ध झालं. मग करवतीने कापला. तेल एकदम आलं. अर्धं मनकर्णेच्या परातीत, अर्धं गल्लीत. गल्लीत एक सायकलवाला पडला, पण तो तसाही वेगात होता.
दोन्ही नळ्या बाहेर. काम निम्मं झालं असं म्हणायला हरकत नाही.

७ ऑक्टोबर.
मनकर्णेला परात हवी होती. विचारलं, हे तेल कामाचं आहे का. ऑफिसची घाई होती, मी टाकाऊ म्हटलं. तिने ते दाराच्या चौकटीला आणि बाजेच्या पायांना फासून टाकलं, वाळवी लागू नये म्हणून. संध्याकाळी पुस्तकात वाचलं की हे खास तेल आहे आणि तेच गाळून पुन्हा वापरता येतं.

चौकट मात्र छान चमकते.

९ ऑक्टोबर.
तांबटाकडून तांब्याची नळी घेतली. तो म्हणाला जुनी नळी द्या, तशीच वाकवून देतो. जुन्या नळ्यांचे मी तुकडे केले होते, पण ते त्याला कशाला सांगायचं. मोजमाप माझ्याकडे आहे म्हटलं. मोजमाप सुतळीने घेतलं होतं. सुतळी तेलकट झाल्यामुळे जरा ताणली गेली असावी.

उखळाभोवती नळी वाकवली. पहिली चपटी झाली. दुसरी बरी, पण दीड हात जास्त भरली.

१० ऑक्टोबर. दुपारी. (किरकोळ रजा, पहिली.)
उपाय सापडला. नळी कापायची नाही. जास्तीच्या लांबीचे तीन वेढे घालायचे, जिलेबीसारखे. जितका रस्ता लांब, तितकं तेल थंड. अमेरिकन लोकांना हे सुचलं नाही. त्यांच्याकडे जिलेबी नसावी.

१२ ऑक्टोबर. (रजा, तिसरी.)
नळ्या बसल्या. कापलेल्या नटांच्या जागी सुतळी आणि नळवाले लावतात तो सफेदा. सहदेव घरी आला होता, वेढ्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, “भाऊजी, हे असंच असते काय?” मी म्हटलं, आता असंच असणार. त्याने सांगितलं की झेंडू कमरेएवढा झाला आहे आणि कळ्याच कळ्या आहेत. आनंद लपत नव्हता त्याचा. मलाही फार बरं वाटलं. हा पोरगा जिनिंगात पोती वाहायला जाता कामा नये. मी आहे तोवर नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.
तेलाचा प्रश्न. ते लाल तेल अमरावतीत नाही, नागपुरात नाही. पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. तेल पातळ असावं, स्वच्छ असावं, त्यात पाण्याचा अंश नसावा. एवढंच. मग इतकी वर्षं आपण परदेशाकडे का पाहत बसलो? आपल्या वऱ्हाडात काय कमी तेलं आहेत?

सरकी: जड. करडई: भाजीला लागते. तीळ: महाग पडेल. जवस: पातळ, स्वच्छ, सोन्यासारखं. रंगारी लोक याच तेलात रंग कालवतात. ते सांगतात की एकदा बसलं की घट्ट बसतं, वर्षानुवर्षं हलत नाही. गाडीला दुसरं काय हवं?

पाण्याचा अंश काढण्यासाठी उकळून घेतलं. मनकर्णेची मोठी कढई, दिवाळीच्या अनारशांची. तीन तास. वास आमच्या राजापेठेत चार घरांपलीकडे गेला. मनकर्णा म्हणाली, “मोटारीचं तेल चुलीवर काहून करून राहिले?” मी म्हटलं, शुद्धीकरण.

१५ ऑक्टोबर.
चालली. गाडी चालली, पुढे चालली, बडनेऱ्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. गरम झाल्यावर जवसाच्या चटणीचा वास येतो. परत येताना आठ-दहा कुत्री बरोबर होती. नाक्यावरच्या शिपायाने थांबवून विचारलं, कोणाकडे काही कार्य आहे का आज. मी घरी येऊन तीन भाकरी जास्त खाल्ल्या.

गळती तीन ठिकाणी आहे. पूर्वी दोन ठिकाणी होती. नवीन वस्तू आहे, रुळायला वेळ लागतो.

१८ ऑक्टोबर.
घट बसले. गळती एकाच ठिकाणी. मी काहीही केलेलं नसताना. यंत्र माझ्याशी जुळवून घेत आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार. सायंकाळी ५.
गळती बंद. पूर्ण बंद. खाली पांढरा कागद ठेवला होता, सकाळपासून कोरा.

मनकर्णेला हात धरून बाहेर आणलं आणि कागद दाखवला. तिने कागद पाहिला, मग वाकून नळ्या पाहिल्या, एका नळीवर नख मारून पाहिलं. नख चिकटलं. आत जाऊन कढई घेऊन आली. आठवडाभर राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून राहिली होती म्हणे, पण आतला थर निघत नाही. काचेसारखा गुळगुळीत, पिवळा, टणक. खरंच सुंदर दिसत होता. मी म्हटलं, बघ, याला दर्जा म्हणतात.

ती कढई तशीच घेऊन समोर मैनाबाईकडे गेली. बुधाजीही घरीच होता. बराच वेळ बसली तिथे. बायकांच्या गप्पा. मी इकडे वरण गरम करून खाल्लं.

२१ ऑक्टोबर.
सकाळी गाडी पुढे जायला जरा वेळ घेते. पंधरा मिनिटं इंजिन तापवलं की निघते. आपणही सकाळी चहाशिवाय कुठे हलतो?

२२ ऑक्टोबर. (रजा, सातवी. साहेबांचा चेहरा ठीक नव्हता.)
पुढे जात नाही. चाळीस मिनिटं तापवली. नाही.
मागे मात्र उत्तम जाते. मागे तर पूर्वीपेक्षा चांगली.

बुधाजी ड्यूटीवरून येताना थांबला. म्हणाला, “बाबूसाहेब, आतलं तेल काढू द्या मले, आजच काढू.” मी म्हटलं, गळती बंद झालेल्या गाडीचं तेल काढायचं म्हणजे बरं झालेल्या माणसाला पुन्हा दवाखान्यात न्यायचं. तो म्हणाला, “तुमची मर्जी.” जाताना माझ्याकडे पाहून हसला. चांगलं हसला, कुत्सित नाही. मला तेच आवडलं नाही.

२४ ऑक्टोबर.
विचारांती पुढील मुद्दे.
गाडीचं काम माल पोचवणं. तोंड कुठे असावं असा कायदा नाही.
मागे जाणं हेही जाणंच.
अकोला साठ मैल. मान सतत वळवून ठेवायची सवय केली तर जमेल.

सराव म्हणून आज राजापेठेतून निघून कॉलेजपर्यंत उलट्या गिअरात गेलो. अनुभव चांगला. माझ्या पाठोपाठ एक एसटी येत होती, म्हणजे तोंडासमोरच. मान दुखली की मी पुढे पाहायचो आणि तिचा ड्रायव्हर मला पाहायचा. मैलभर आम्ही एकमेकांकडे असे पाहत होतो. त्याने एकदा हात जोडले.

रात्री मनकर्णेने मानेला तेल चोळून दिलं. करडईचं. जवसाचं नको म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
मनकर्णा तोडणीसाठी वावरात गेली. आता दोन दिवस तिकडेच. जाताना म्हणाली, “तुमी सावकाश या. आले त आले.” एवढी निश्चिंत तिला मी महिनाभरात पाहिली नव्हती. माझ्यावरचा भार मला जाणवला.

खरं सांगायचं तर आज दुपारी मला भीती वाटली. साठ मैल उलटं, भरल्या गाडीने. वाटेत कुठे अडलो तर? झेंडू रस्त्याकडेला, आणि सहदेव अकोटच्या गाडीत. पाणी प्यायलो, तरी गेली नाही. म्हणून मोठं मन करून ठरवलं: उद्या सकाळी गाडी ओमप्रकाशकडे. त्याचा शब्द दोन तासांचा आहे. दहाला गाडी तयार, दोनला वावरात, रात्री अकोल्यात. भरपूर वेळ आहे. वेळेचं गणित हा माझा हातखंडा.

२६ ऑक्टोबर, शनिवार. पहाटे ५.
खंडेनवमी. आंघोळ करून सगळे पाने, करवत, हातोडी पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, ऊद लावला. पिकपची साग्रसंगीत पूजा. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला हार, नळीच्या तिन्ही वेढ्यांना एकेक फूल. मोठ्याने संकल्प म्हटला की आज या हत्यारांना विश्रांती, उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावणार नाही. मन प्रसन्न.

सकाळी ७.
आता लक्षात आलं.

सकाळी ८.
ओमप्रकाशच्या गॅरेजात (उलट्या गिअरात). त्याने सतरंजी अंथरून, वर लाल कापड टाकून सगळी हत्यारं मांडली होती. जॅकला सुद्धा हार. स्वतः धुवट धोतरात, कपाळाला टिळा, मशीनला टेकून बसलेला. मी म्हटलं, दोन तासांचंच काम आहे. म्हणाला, “आज तो पाना भी भगवान है बाबूजी.” त्याच्या गावी ही रीत नव्हती म्हणे, इथे येऊन वीस वर्षं झाली, आता मोडवत नाही.

बघायला तर हरकत नाही ना, म्हटलं. गिअरबॉक्समधली तेल मोजायची काडी काही हत्यार नव्हे. ती त्याने ओढली. निघेना. दोन हातांनी ओढली तेव्हा निघाली, आणि तिच्यामागे लांबलचक तार, गुळाच्या पाकाची असते तशी. त्याने ती बोटाला लावून पाहिली, बोट सुटेना. विचारलं, आत काय घातलं? मी सांगितलं. उकळून घातलं, हेही सांगितलं. तो सतरंजीवर खाली बसला. म्हणाला, “ये तो दरवाजे को लगाते हैं.” मग म्हणाला, उद्या दहाला आणा, बघू.

उद्या दहाला दसरा संपलेला असतो. झेंडूच्या दृष्टीने.

सकाळी १०.
एकदम सुचलं. बुधाजी! त्यांच्या घरी छप्पन सालापासून हे पूजेचं नाही, धम्म घेतला तेव्हाच सगळं सोडलं त्यांनी. म्हणजे आज अख्ख्या राजापेठेत मोकळे पाने असतील तर फक्त बुधाजीचे. मी धावतच गेलो. कालपर्यंत त्याला तंत्र शिकवलं हे मनात आलं, पण प्रसंग तसा होता.

बुधाजी घरी नाही. मैनाबाई म्हणाल्या, “ते त सकाळीच गेले. तुमच्या सहदेवच्याच वावरात गेले ना, बाबूसाहेब.” फुलं आणायला गेला असणार. उद्या त्यांचाही मोठा दिवस. नेमका आजच जायचा होता त्याला.

दुपारी १२.
पूजा केलेलं वाहन त्या दिवशी पुढे नेऊ नये, असं शास्त्र आहे. मागे नेण्याबद्दल कुठेही काही म्हटलेलं नाही. निघतो.

सायंकाळी ५. सहदेवचं वावर.
सहा मैलांना साडेतीन तास लागले. हारामुळे मागचं दिसत नव्हतं, आणि उत्तरपूजेआधी हार काढता येत नव्हता. एकदा कालव्याच्या पाळीवर चढलो. एकदा दुसऱ्याच्या वावरात शिरलो, तिथल्या माणसाने बैल सोडून गाडी बाहेर काढायला मदत केली आणि काही विचारलं नाही. वाटेत समोरून, म्हणजे पाठीमागून, म्हणजे मोर्शीकडून, एक एसटी गेली, टपावर पोत्यांची चळत, पिवळ्याधमक पोत्यांची. मी मनात म्हटलं, लोक काय काय नेतात. मान वळलेली असल्यामुळे आतली माणसं दिसली नाहीत. मला मात्र आतून कोणीतरी हात केला. मीही केला.

वावरात पोचलो तर झेंडू नाही. झाडं उभी, हिरवीगार, एकावरही फूल नाही. बांधावर सासूबाई, गंगूबाई, एकट्या बसून गळालेल्या पाकळ्या सुपात गोळा करत होत्या. मला मागून येताना पाहून उठल्या, डोक्यावर पदर घेतला, म्हणाल्या, “जावईबापू, असे पाठमोरे काहून येऊन राहिले?”

मी विचारलं, माल कुठे?

“तो त दोनच्या यष्टीनं गेला. मोर्शी-अकोला. बुधाजी आला होता सकाळी, त्यानं डेपोत बोलून ठेवलं होतं, टपावर सारे पोते त्यानंच बांधले. मनकर्णा, सहदेव अन् तो, तिघंई गेले संगं.”

हे कधी ठरलं, मी विचारलं. त्यांनी पाणी दिलं. मी प्यायलो. मग म्हणाल्या, “आठ दिस झाले. कढई बुधाजीले दाखवली त्या दिशी मनकर्णेनं निरोप धाडला, आता यष्टीच पाहा लागते म्हणे.”

मला का नाही सांगितलं?

“तुमाले वाईट वाटलं असतं ना बाप्पा.”

पिकपमध्ये बसून हे लिहितो आहे. वाईट वाटतं आहे. आठ दिवस मी इकडे गाडी तापवत होतो, साठ मैलांसाठी मान वळवायचा सराव करत होतो, आणि ही बाई माझी मान चोळून देत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. तिने एकदाही म्हटलं नाही की राहू द्या. म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही तिला ठाऊक असणार. लग्नाला चौदा वर्षं झाली.

२७ ऑक्टोबर. दसरा.
गाडी आता मागेही जात नाही. रात्री वावरातच राहिलो. सासूबाईंनी भाकरी आणि झुणका दिला, पिकपमध्ये नेऊन दिला, कारण मी खाली उतरलो नव्हतो. सकाळी त्यांच्या एका कोंबडीने मागच्या फळीवर अंडं घातलं.

सायंकाळी सगळे परत आले. माल नऊच्या आत संपला, पार्बताबाई पुढच्या साली दुप्पट मागते आहे. सहदेव अकोटला जाणार नाही. हे त्याने दोनदा सांगितलं आणि मनकर्णेने दुसरीकडे पाहिलं. बुधाजी बडनेऱ्यालाच उतरून नागपूरच्या गाडीत बसला होता म्हणे, दीक्षाभूमीवर जायचं होतं त्याला. आमच्या पोत्यांसाठी त्याने आपली सकाळची गाडी सोडली होती.

सहदेवने मला सोनं दिलं, पाया पडला. म्हणाला, “भाऊजी, तुमी ट्रक सोडाले लावला म्हणून यष्टीचं सुचलं. संत्र्याखाली चेंदा झाला असता झेंडूचा.” खोटं बोलत नव्हता, मला समजतं. मी म्हटलं, म्हणजे मूळ योजना माझीच होती. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी हसायला हवं होतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार.
सकाळच्या बसने राजापेठेत आलो, मनकर्णा आणि मी, एकाच बाकावर. दोन मैल गेले. मग मीच म्हटलं की नवीन नळ्या, नवीन तेल, आणि यावेळी ओमप्रकाशला हात लावू देईन, तर दिवाळीपर्यंत गाडी उभी राहील. ती म्हणाली, उभी तर आहेच.

मग तिने सहदेवचा निरोप सांगितला. परवा टपावरची पोती वळणावळणावर घसरत होती, दोन तर पडता पडता राहिली. पुढच्या साली वर कोणीतरी वजनदार माणूस बसवायला हवा. सहदेवने माझं नाव सुचवलं होतं, बुधाजीनेही. म्हणाली, “तुमाले जमन काय? फक्त बसाचं हाये. कशाले हात लावाचा नाई.”

पाने लागतील का, विचारलं. नाही म्हणाली. दोर? बांधलेलाच असतो.

मी हो म्हटलं.